लेकीला हसू आले ते नेमके कुठे?

गोरेगावहून एका वाचकांनी पाठवलेले पत्र थोडे कमी करून आधी देते.

“माझे वय ५१, नोकरी बँकेत. बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. वडील लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करत. मी अकरा-बारा वर्षांचा असताना गणपतीत एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणला गेला आणि त्या रात्री चाळीच्या गॅलरीत वडिलांच्या शेजारी बसून मी ‘स्टार वॉर्स’ पाहिला. काळ्या मुखवटेवाला येतो तेव्हाची ती कवायतीची धून अजूनही माझ्या डोक्यातून गेलेली नाही. गेल्या महिन्यात मोठ्या हौसेने तेरा वर्षांच्या मुलीला तो दाखवायला बसवले. दोन यंत्रमानव वाळूत चालत राहिले तेव्हा तिने फोन उचलला, गावात शिरताना ते अजस्र प्राणी दिसले तेव्हा ती हसली, आणि यानतळावर गोगलगायीसारखा लठ्ठ प्राणी बोलू लागला तेव्हा ‘बाबा, हे किती खोटं दिसतंय’ म्हणून उठून गेली. धाकटा भाऊ म्हणतो की त्या चित्रपटात विज्ञान औषधालाही नाही. पत्नी म्हणते, ‘अहो, तुम्हाला चित्रपट नाही, तुमची चाळ आवडते.’ खरे सांगा, चांगले काय होते, चित्रपट की माझे बालपण? आणि मुलीला पुन्हा बसवावे का?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्नींचे म्हणणे निम्मे खरे आहे, आणि उरलेल्या निम्म्यासाठीच हे उत्तर लिहिते आहे. चित्रपट चांगला की बालपण, हे ज्याच्या बालपणात तो चित्रपट नव्हता अशा माणसाला विचारायला हवे, आणि योगायोगाने मी तशीच आहे. माझ्या लहानपणी आकाशवाणी होती, ग्रंथालय होते, उन्हाळ्यात आजोळी कीर्तन होते. अंतराळातल्या लढाया नव्हत्या. हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो चाळिशी उलटल्यावर, मुलुंडला बहिणीच्या घरी, भाच्याने हट्टाने बसवले म्हणून. मी मेथी निवडायला घेऊन बसले होते, म्हणजे माझी अपेक्षा किती होती ते तुमच्या लक्षात येईल. वाळवंटातल्या त्या यंत्रमानवांच्या विक्रीपर्यंत जुडी तशीच हातात राहिली होती. तेव्हा बालपणाची पुण्याई पाठीशी नसतानाही हा चित्रपट माणसाला धरून ठेवतो, एवढी साक्ष मी देऊ शकते.

आता तुमच्या मुलीबद्दल. तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तिने दिलेली आहे, आणि ती तुमच्या नजरेतून निसटली आहे. ती हसली ते गावात शिरतानाच्या प्राण्यांना, आणि तिला खोटा वाटला तो यानतळावरचा लठ्ठ प्राणी. या दोन्ही गोष्टी १९७७ च्या चित्रपटात नव्हत्या. दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांनी वीस वर्षांनी, १९९७ मध्ये, चित्रपटाची नवी आवृत्ती काढली आणि त्या वेळच्या संगणकाच्या साहाय्याने गावाच्या रस्त्यांवर मोठमोठे प्राणी आणून सोडले. यानतळावरचा प्रसंग मुळात एका माणसाला घेऊन चित्रित झाला होता आणि प्रदर्शनाआधी कापला गेला होता. १९९७ मध्ये तो पुन्हा जोडताना त्या माणसावर संगणकाने तो प्राणी चढवला, आणि मूळ चित्रीकरणात नायकाचा मित्र त्याच्या पाठीमागून फेरी मारत असल्यामुळे आता तो प्राण्याच्या शेपटीवर पाय देऊन जातो अशी पळवाट काढावी लागली. पुढे २००४ मध्ये तो प्राणी पुन्हा नव्याने केला. तरीही तुमच्या मुलीला तो खोटा दिसलाच. चाळीस वर्षे उराशी बाळगलेल्या चित्रपटातला उसना भाग तुम्हाला ओळखता आला नाही, तो तिने पहिल्याच भेटीत ओळखला. अशा मुलीला चित्रपट कळत नाही, असे म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

आज घरबसल्या जी प्रत दिसते ती हीच बदललेली आहे. मूळ चित्रपट २००६ मध्ये डीव्हीडीच्या संचात जास्तीची तबकडी म्हणून निघाला होता, त्याचे चित्र आजच्या मानाने मऊ आणि धूसर आहे, पण एखाद्या जुन्या संग्राहकाकडे तो मिळाला तर दोन पैसे जास्त गेले तरी घ्या. नाही मिळाला तर ते दोन प्रसंग येण्याआधी तिला सांगून ठेवा की हे नंतर चिकटवलेले आहे, आणि तिला सांधा शोधू द्या. तेरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांनी केलेली डागडुजी पकडण्यात जो आनंद मिळतो, तो दुसऱ्या कशात क्वचितच मिळतो.

फोन उचलला गेला तो प्रसंग मात्र वेगळा. तिथे दिग्दर्शकाने जाणूनबुजून जोखीम घेतलेली आहे. नायक पडद्यावर यायला जवळजवळ पाव तास लागतो, आणि तोवर गोष्ट दोन भांडकुदळ यंत्रमानवांच्या हवाली असते, त्यातल्या एकाची भाषा तर आपल्याला कळतच नाही. ही युक्ती ल्यूकस यांनी अकिरा कुरोसावा यांच्या १९५८ च्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ या जपानी चित्रपटातून घेतली, आणि हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे: तिथे राजकन्येची आणि सेनापतीची कथा दोन लोभी, भित्र्या खेडुतांच्या बाजूने उलगडते. आपल्याकडे संगीत नाटकात सूत्रधार आणि नटी येऊन गोष्टीला हात घालतात. इथे ते काम दोन नोकरांकडे दिले आहे, ज्यांना स्वतःलाच काय चालले आहे ते ठाऊक नाही. त्यामुळे पाहणाऱ्याला कुणी समजावून सांगत नाही. साम्राज्य कोणते, बंड कशाचे, तो सरदार कोण, यांतले निम्मे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही आणि तरी अडत नाही. मला शंका आहे, आणि चुकत असेन तर माफ करा, की त्या पाव तासात तुम्ही शेजारी बसून भरभरून माहिती पुरवत होतात. “आता बघ हं”, “हा पुढे कोण निघतो माहितेय का”, असे. फोन त्यानेही उचलला जातो.

आता मेथीची जुडी जिथे हातात राहिली त्या प्रसंगाकडे येते, कारण माझ्या मते या चित्रपटाचे आयुष्य तिथे आहे. कथेत ते नाही. कथा पहिल्या अर्ध्या तासात ओळखता येते आणि ते कबूल करायला हरकत नाही: शेतावर वाढलेला अनाथ मुलगा, म्हातारा गुरू, बंदिवान राजकन्या, काळा दैत्य. हे सगळे आजीकडून ऐकलेले असते. पण वाळवंटात एक गंजलेले, घराएवढे वाहन येऊन थांबते, त्यातून बुटकी, डोळे चमकणारी माणसे उतरतात आणि भंगारातून गोळा केलेले यंत्रमानव रांगेत उभे करतात. शेतकरी काका येतो, एकेकाला निरखतो, हा कुठली भाषा बोलतो, शेतीच्या यंत्रांशी याला बोलता येईल का, असे विचारतो, घासाघीस करतो, एक लाल रंगाचा पसंत करतो, आणि चार पावले चालताच त्या लाल यंत्रमानवाच्या डोक्यातून धूर निघतो. विकणारा हात वर करतो, काका चिडतो, आणि बदली म्हणून निळा मिळतो. विश्वाचे भवितव्य त्या निळ्याच्या पोटात आहे, आणि ते असे, सदोष माल बदलून घेताना, नायकाच्या घरी येते.

हा प्रसंग तुम्हाला अकराव्या वर्षी का भिडला असेल याचा अंदाज मला तुमच्या वडिलांच्या कामावरून येतो. लॅमिंग्टन रोडवर पाटीवर डॉ. भडकमकरांचे नाव असले तरी गिऱ्हाईक आजही जुन्याच नावाने येते, आणि दुकानदार जोडून दाखवेपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. त्या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असते की यंत्र म्हणजे उघडलेले यंत्र: पाठ काढलेला रेडिओ, तारांचे गुंडाळे, राळेचा धूर, “उद्या या, पार्ट यायचाय” हे वाक्य. त्यापूर्वीच्या अंतराळपटांत भविष्यकाळ बहुधा इस्पितळासारखा पांढरा आणि स्वच्छ असे. इथे यानावर ओरखडे आहेत, कपड्यांवर मळ आहे, सोनेरी यंत्रमानवाला तेलात अंघोळ घालावी लागते, आणि ज्या यानाच्या वेगाच्या बढाया मारल्या जातात ते पाहताच नायक त्याला भंगार म्हणतो. ल्यूकस यांचा आग्रहच होता की हे जग वापरलेले दिसले पाहिजे, म्हणून नवे कोरे सामान मुद्दाम मळवले गेले. ट्युनिशियाच्या वाळवंटात १९७६ च्या मार्चमध्ये चित्रीकरण सुरू झाले तेव्हा वाळूत ते यंत्रमानव खरोखरच बंद पडत होते, तो भाग वेगळा.

वापरलेली वस्तू पाहिली की ती आपल्या आधी कुणाकडे होती, हा प्रश्न आपोआप पडतो, आणि प्रश्न पडला की पडद्याच्या कडेबाहेर जग आहे असे वाटू लागते. मला वाटते, त्या चित्रपटाची ओढ टिकली आहे ती यामुळे. त्यानंतर आलेल्या कितीतरी अंतराळपटांत दृश्ये अधिक भव्य आहेत, पण त्यांतले प्रत्येक दार कथेसाठी उघडते. इथे दारे उघडीच असतात आणि कथा त्यांच्यासमोरून निघून जाते.

सुरुवातीचे ते डोक्यावरून जाणारे, संपता न संपणारे जहाज आठवते ना? त्याची प्रतिकृती जेमतेम तीन फुटांची होती. ल्यूकस यांनी १९७५ मध्ये या कामासाठी ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ ही संस्था उभी केली, तिथल्या मंडळींनी बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या प्लास्टिकच्या खेळण्यांचे संच फोडून त्यांचे तुकडे यानांवर चिकटवले, आणि कॅमेरा तीच हालचाल हवी तितक्या वेळा अचूक करील अशी यंत्रणा जॉन डायक्स्ट्रा यांच्या देखरेखीखाली स्वतः बनवली. यान जागेवर स्थिर, कॅमेरा त्याच्याजवळून सरकतो, आणि पाहणाऱ्याला यान उडते असे वाटते. शेवटच्या हवाई हल्ल्याची रचना दुसऱ्या महायुद्धावरच्या चित्रपटांतली विमानांची दृश्ये जुळवून आधी ठरवली होती, म्हणून ती विमाने हवेत वळावीत तशी वळतात, जिथे हवा नाही तिथेसुद्धा.

इथे तुमचे बंधू हात वर करतील. त्यांचा मुद्दा बरोबर आहे, आणि त्यांना आणखी दारूगोळा मीच देते: निर्वात पोकळीत आवाज जात नाही, तरी इथे स्फोट दणाणतात, आणि यानाचा मालक अमुक प्रवास बारा पार्सेकच्या आत केल्याची बढाई मारतो, जेव्हा पार्सेक हे वेळाचे नव्हे, अंतराचे एकक आहे, सुमारे ३.२६ प्रकाशवर्षांचे. आपण मराठी वाचक जयंत नारळीकरांच्या कथांवर वाढलेले, विज्ञानकथेत विज्ञानाचा हिशेब चोख हवा ही आपली सवय, आणि ती चांगली सवय आहे. पण या चित्रपटाची पहिली ओळच सांगते की ही फार फार पूर्वीची, दूरदूरच्या दीर्घिकेतली गोष्ट आहे. आटपाट नगर होते, असे म्हणणाऱ्याला आपण त्या नगराचा तालुका विचारत नाही. बंधूंनी हा चित्रपट विज्ञानकथेच्या कपाटातून काढून आजीच्या गोष्टींच्या कपाटात ठेवला, तर त्यांची तक्रार उरणार नाही असे वाटते. उरली तर त्यांना मुलीच्या शेजारी मात्र बसवू नका.

तुमच्या आठवणीतल्या धुनेबद्दल एक अप्रिय गोष्ट सांगायची आहे. काळ्या मुखवटेवाल्याची ती कवायतीची धून १९७७ च्या चित्रपटात नाहीच. जॉन विल्यम्स यांनी ती या मालिकेतल्या १९८० च्या दुसऱ्या चित्रपटासाठी रचली. पहिल्या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजवलेले, पण त्यात तो दैत्य येतो तेव्हा ही धून वाजत नाही. तुम्ही चाळीच्या गॅलरीत ती ऐकली असे तुम्हाला खात्रीने वाटते, कारण मधल्या वर्षांत दुसरा चित्रपट पहिल्यात मिसळून गेला. पत्नींचे निम्मे खरे आहे असे मी म्हटले ते याच अर्थाने: ल्यूकस यांनी १९९७ मध्ये पडद्यावर जे केले, ते तुम्ही मनात त्याच्या कितीतरी आधी करून टाकले होते. मुलीला बसवताना तुम्हाला दाखवायची होती ती तुमची आवृत्ती, आणि ती कुठल्याच तबकडीवर नाही.

धून नसली तरी त्या चित्रपटात ऐकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि मुलीपर्यंत पोहोचण्याचा माझ्या दृष्टीने सर्वांत जवळचा रस्ता तोच आहे. बेन बर्ट नावाच्या तरुण ध्वनितज्ज्ञाने त्यातले आवाज खऱ्या वस्तूंपासून केले. मुखवट्याआडचा श्वास म्हणजे पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांच्या श्वसनयंत्राचा आवाज. शत्रूच्या छोट्या यानांची किंकाळी म्हणजे हत्तीचे ओरडणे आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी मोटार. बंदुकीचा आवाज रेडिओच्या मनोऱ्याला ताणून बांधलेल्या तारेवर हातोडी मारून मिळवलेला. (इमारतीसमोरच्या विजेच्या खांबाच्या तारेवर हा प्रयोग करू नका, मुले करतील, म्हणून सांगून ठेवते.) आणि प्रकाशाच्या तलवारीची ती गुणगुण म्हणजे चित्रपटगृहातल्या जुन्या प्रक्षेपकाच्या मोटरचा घुमारा, आणि त्यात मिसळलेली टीव्हीची घरघर, जी मायक्रोफोनची तुटकी तार टीव्हीच्या मागून जाताना अपघाताने पकडली गेली. तलवार फिरते तेव्हा आवाज सूंऽ करून वर-खाली होतो ना, त्यासाठी बर्ट यांनी तो आवाज स्पीकरवर लावला आणि त्याच्यासमोर दुसरा मायक्रोफोन हातात धरून हवेत फिरवला, आणि ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले.

टीव्हीची ती घरघर तुमच्या वडिलांनी आयुष्यभर ऐकली, किंबहुना ती घालवण्याचेच पैसे घेतले. हे मुलीला सांगा, पण चित्रपटाच्या वेळी नको. एखाद्या रविवारी पंख्याच्या किंवा मिक्सरच्या मोटरचा आवाज एका फोनवर घ्या, तो फोन वाजत ठेवा, आणि दुसरा फोन ध्वनिमुद्रण चालू ठेवून त्याच्याजवळून सपासप फिरवायला तिला सांगा. हाताचे काम तिच्याकडे द्या, तुम्ही फक्त मिक्सर चालू करा. मी हे भाच्यासोबत करून पाहिले आहे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमते, आणि जमले की घरातली लाटणी सुरक्षित राहत नाहीत.

दोष त्या चित्रपटात आहेत आणि मुलीने ते काढले तर वकिली करू नका. संवाद कित्येक ठिकाणी लाकडी आहेत. राजकन्या तिखट आहे, पण तिच्याखेरीज बाईमाणूस औषधापुरतेच आहे, आणि हे तेरा वर्षांच्या मुलीच्या लक्षात येणारच. शेवटच्या समारंभात त्या केसाळ सोबत्याच्या गळ्यात पदक का घातले जात नाही, याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडेही नाही.

पुन्हा बसवावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की बसवू नये; तुम्ही बसावे. पावसाळ्यातला एखादा रविवार धरा, नाहीतरी लोकलचा भरवसा नसतो आणि सगळे घरीच असतात. दिवे मालवा, रस्त्याकडच्या खिडक्या लावा, खालच्या ओळी चालू ठेवा, आणि तिला न बोलावता चित्रपट सुरू करा. तिच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर द्या, दुसरे वाक्य गिळा. सुरुवातीला ‘भाग चौथा’ असे दिसेल आणि आधीचे तीन कुठे, असे ती विचारील. ते शब्द मूळ चित्रपटात नव्हते, १९८१ मध्ये जोडले, एवढे सांगितले तरी पुरे. पुढचे चित्रपट पाहायची वेळ आलीच तर ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने पाहा, १९७७, १९८०, १९८३, आणि क्रमांकांच्या नादी लागू नका. या चित्रपटाला मध्यंतर नाही, पण आपल्याला मध्यंतराशिवाय चैन पडत नाही. तासाभराने ते भंगार यान शत्रूच्या प्रचंड तळात ओढले जाते, तिथे थांबवा आणि बटाटेवडे काढा. वडे खाऊन ती उठून गेली तर जाऊ द्या.

आणि वडिलांची हत्यारांची पेटी अजून घरात असेल, तर ती मात्र चित्रपटाच्या आधी माळ्यावरून खाली काढून ठेवा. पहिल्या पाव तासात तिचे हात रिकामे असतील, आणि फोनशिवाय उघडून पाहण्यासारखे काहीतरी जवळ असावे.